ससे नांदवण्याची रीत

“आधी हे दोन ससे एका पिंजऱ्यात नांदवून दाखवा,” मी म्हणाले, “मग मी जाते चिपळूणला.”

आबाकाकांनी चहात बुडवलेलं बिस्कीट तसंच धरून ठेवलं. त्याचा खालचा अर्धा भाग कपात पडला.

“शब्द?”

“शब्द.”

“जयसिंग, ऐकलंस न्हवं? मागनं कुणी म्हणू नये, आबानं बळजबरी केली.”

दादानं मान हलवली. माझा हा थोरला भाऊ घरात निर्णय झाला की मान हलवायचा, त्यालाच कर्तेपण म्हणत. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं काही बोलावं अशी त्या घरात पद्धतच नव्हती.

मला मनातून हसू फुटत होतं. वाटलं, जिंकले. पडवीतल्या पिंजऱ्यात राजा आणि राणी मधल्या फळीच्या फटीतूनही एकमेकांची लोकर उपटत होते. ब्रह्मदेव खाली आला असता तरी ते नांदले नसते. आणि इथं तर आबाकाका होते.

*

साल शहाण्णव. गाव कराड. जानेवारी महिना. माझा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

चिपळूणला माझ्या नवऱ्याचं, सुधाकर शिर्केचं, लोखंडी सामानाचं दुकान होतं. गिऱ्हाइकाशी तो इतका गोड बोलायचा की घरी येईपर्यंत त्याच्याकडचं गोड संपलेलं असायचं. माझ्या हाताबद्दल दादा लोकांना सांगायचा, “मोरीत पडली.” प्लास्टर चढण्याआधी त्या मनगटावर बोटांचे चार वळ होते. मोरीला बोटं असतात हे आम्हाला नव्यानंच कळत होतं.

आबाकाका वडिलांचे चुलतभाऊ. वडील गेल्यापासून आमच्या घरातला शेवटचा शब्द त्यांचा. लग्नं जुळवायची आणि मोडायला आलेली सांधायची, हा त्यांचा धंदा नव्हे, छंद. मोबदल्यात फेटा, नारळ आणि पंगतीत पहिलं पान. माझं लग्नही त्यांनीच जुळवलं होतं. “सोन्यासारखा पोरगा,” ते म्हणाले होते. सोन्यासारखा म्हणजे जड आणि पिवळ्या दातांचा, हे मी नंतर ताडून पाहिलं.

ससे दादानं आणले. मी बॅग घेऊन परत आले त्याच्या चौथ्या दिवशी. बहिणीचा हात मोडला तर भावानं काय करावं? कुणी पोलिसात जाईल, कुणी वकिलाकडे. दादा बाजारात गेला आणि सशांची जोडी घेऊन आला.

“तुझं मन रमंल,” तो म्हणाला. “दुकानदार म्हणाला, नर-मादी हायेत. जोडीजोडीनं ऱ्हात्यात. बघत बसायचं.”

नावंही त्यानंच ठेवली. राजा आणि राणी. त्याची कल्पनाशक्ती तिथं संपली.

*

बायोडाटा

नाव: राजा. वर्ण: गोरा. वय: पाच महिने पूर्ण. शिक्षण: नाही. व्यवसाय: खाणे. स्वभाव: घरी येऊन बघावा. अपेक्षा: दुसऱ्यानं मरावं.

नाव: राणी. वर्ण: करडा. बाकी सर्व वरीलप्रमाणे. डाव्या कानाला चीर आहे, पण असल्या गोष्टी बायोडाटात लिहीत नाहीत. माझ्या वेळीही सुधाकरबद्दल बरंच काही लिहिलेलं नव्हतं.

*

पहिले दोन आठवडे ते एकमेकांच्या अंगावर डोकं ठेवून झोपायचे. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला पडवीत नेऊन दाखवायचा आणि मग माझ्याकडे बघायचा. जनावरांना कळतं, असं त्या बघण्यात असायचं. मग एके दिवशी राजानं राणीच्या पाठीतून मूठभर लोकर काढली. दुसऱ्या दिवशी राणीनं राजाची मांडी फोडली. त्यानंतर दादानं पाहुण्यांना पडवीत नेणं बंद केलं.

मी त्यांच्या मध्ये एक फळी बसवली होती. आबाकाकांनी शब्द घेतला त्या संध्याकाळी पहिलं काम काय केलं असेल, तर ती फळी काढली.

“भिंत घातल्यावर मनं कशी जुळतील गं?” ते म्हणाले.

त्यांचा पहिला उपाय एका ताटाचा. लग्नात नवरा-नवरी एका ताटात जेवतात, एकमेकांना घास देतात, त्यानं माया लागते. पितळी ताटलीत गाजराचे तुकडे, कोथिंबीर, मेथी. काकांनी ताटली आत सरकवली आणि दार लावलं.

मेथी कुणी खाल्ली नाही. राणीचा चिरलेला कान अर्ध्यापर्यंत फाटला आणि रक्त जाळीवर उडालं. काकांच्या धोतरावरही थोडं.

“पहिल्या दिवशी व्हतं असं,” काका धोतर झटकत म्हणाले. “तुझ्या काकूनं मला पहिले सहा महिने तोंड दाखवलं नव्हतं.”

मी जुन्या पातळाच्या चिंधीनं रक्त पुसलं. डाव्या हातानं नीट पुसता येत नव्हतं. आणि मला बरं वाटत होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवसांत मी सकाळी उठून आधी पिंजऱ्यापाशी जायची, नवी जखम आहे का बघायची. असली, की त्या दिवशी चहा गोड लागायचा.

*

कान पिकला तेव्हा वहिनी म्हणाली, “वन्सं, डॉक्टरला दाखवू.”

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मुजावर डॉक्टर होते. एका म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून उभे होते. आम्हाला बघून म्हणाले, “थांबा बाई, हिचं उरकतो.” मग हात धुऊन त्यांनी राणीला उताणं केलं, पोटाखाली दोन बोटांनी दाबलं.

“हिचं नाव काय?”

“राणी.”

“बदला.”

“म्हणजे?”

“नर आहे. दोन्ही नर आहेत. वयात आलेत. आता एका पिंजऱ्यात ठेवलेत तर एक दिवस एकच उरेल.”

वहिनीनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती. इतक्या वर्षांत मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

“मग एकेकटे ठेवायचे?” मी विचारलं.

“ससा एकटा झुरतो. त्याला सोबत लागते. पण घाई केलेली चालत नाही.” डॉक्टर कानाला औषध लावत सांगत होते. “दोघांना खच्ची करायचं. दीड-दोन महिने वेगळं ठेवायचं, डोकं शांत होईस्तोवर. मग मादी बघायची. भेट घालायची ती दोघांच्याही मालकीची नसलेल्या जागेत. रोज थोडा थोडा वेळ. एकानं जरी पळ काढला तरी त्या दिवशी बंद. आणि एखादा असतोच, त्याचं कुणाशीच जमत नाही. त्याला त्याच्यापुरतं सुखात ठेवायचं. त्यात काही बिघडत नाही.”

इतकं शहाणपणाचं बोलणं मी त्या वर्षात ऐकलं नव्हतं. आणि ते ज्याच्या हाताला म्हशीचा वास येत होता अशा माणसानं ऐकवलं होतं, तेही सशांबद्दल.

रिक्षात मी वहिनीला म्हणाले, “नर आहे एवढंच घरी सांगायचं. बाकीचं नाही.”

“का?”

“ते सगळं केलं तर जमेल त्यांचं. मग मला जावं लागेल.”

वहिनीनं पिशवीतल्या सशाला मांडीवर घेतलं. रिक्षा दत्त चौकात आली तेव्हा म्हणाली, “तुमच्यासाठी ह्यांनी अजून किती दिवस भांडायचं, वन्सं?”

मी घरी नर आहे एवढंच सांगितलं.

*

“तरीच!” आबाकाका म्हणाले. सगळा दोष बाजारातल्या दुकानदारावर गेला आणि ते निर्मळ झाले. “पुरुषाजवळ पुरुष ठेवल्यावर दुसरं काय व्हणार? बायकू आणा. बायकू आली की पुरुष निवतो.”

शाळेतल्या गोसावी बाईंकडे एक मादी होती. नाव जिलेबी. तपकिरी, गुबगुबीत, मानेखाली मऊ घडी. काका दोनदा जाऊन आले, वाणसामानाची करावी तशी सगळी चौकशी केली. तिला आधीची पिल्लं आहेत का? नाहीत. चावते का? बाई म्हणाल्या, मला तरी नाही.

रविवारी बघण्याचा कार्यक्रम ठरला. आणि इथं आबाकाकांनी रीत काढली. बघण्याचा कार्यक्रम मुलीकडेच होतो; मुलगी काही मुलाच्या दारात दाखवायला आणत नाहीत. तेव्हा राजाला टॉवेलात गुंडाळून गोसावी बाईंच्या घरी नेण्यात आलं. काकांनी फेटा बांधला होता. बाईंनी पोहे केले होते. दादा पोहे खाता खाता म्हणाला, “मुलगी पसंत आहे आमाला.”

राजाला जिलेबीच्या पिंजऱ्यात सोडलं.

आपल्या घरात न विचारता शिरलेल्या पाहुण्याचं जिलेबीनं काय केलं, ते सांगायला मला आजही आनंद होतो. ती घुरघुरली. सशाला घुरघुरता येतं हे आम्हाला माहीत नव्हतं. मग तिनं त्याला पिंजऱ्याच्या चारी कोपऱ्यांत मारलं. पाचवा कोपरा असता तर तिथंही मारलं असतं. राजा जाळीवर चढायला बघत होता. काकांच्या बशीतले पोहे फेट्यावर गेले.

“पोरगी आगाव हाय,” काका घरी येताना म्हणाले. “बाईनं शिकवण दिल्याली न्हाई.”

मी टॉवेलातल्या राजाला धरलं होतं. तो इतका गपगार झाला होता की क्षणभर मला त्याची दया आली. क्षणभरच. पुढच्या रविवारी सुधाकर यायचा होता. काकांनी त्याला परस्पर कळवून टाकलं होतं, की काम होतंय, गाडी घेऊन या. माझ्याकडे आठ दिवस होते आणि ससे माझ्या बाजूनं लढत होते.

*

त्या रविवारी सकाळी काका आंब्याची रिकामी करंडी घेऊन आले.

“बोकडं बघितल्यात का कधी, टेंपोतनं नेत्यात ती? गोठ्यात टकरा घेऊन एकमेकाची डोकी फोडत्यात. पण टेंपोत घातली, गाडी हलाय लागली, की एकमेकाच्या पोटाखाली तोंड घालून उभी ऱ्हात्यात. भाऊ-भाऊ.”

टेंपो कुठं चाललेला असतो, ते काकांनी सांगितलं नाही.

त्यांनी राजाला आणि राणीला करंडीत कोंबलं. वर गोणपाट बांधलं. करंडी स्कूटरवर पायाशी ठेवली आणि कॅनॉलच्या कडेच्या रस्त्याला गेले. तिथं नुसती खडी टाकलेली होती. डांबर यायचं होतं, आजही यायचं आहे. अर्ध्या तासानं परत आले. धुळीनं पांढरे, पण चेहरा असा की मैदान मारून आले.

“ये गं. सगळी या. जयसिंग, तुझ्या बायकूला बोलव.”

गोणपाट काढलं.

दोघे एका कोपऱ्यात होते. राणीचं डोकं राजाच्या काखेत. राजाची मान राणीच्या पाठीवर. एक गोरा, एक करडा असा एकच गोळा. त्यांच्याकडे बघून कुणालाही गलबलून आलं असतं. दादाला आलंही.

“जमलं!” आबाकाका म्हणाले.

मी डावा हात आत घातला. दोघांच्या छातीखाली बोटं सरकवली. शिलाई मशीन भरधाव सोडावं तसं आत काहीतरी चाललं होतं. डोळे उघडे, पण बघत नव्हते. मी मेथीची काडी नाकाला लावली. नाक हललं नाही.

“काका, हे घाबरलेत.”

“घाबरू देत की. चिकटल्यात न्हवं?”

“पिंजऱ्यात ठेवून बघा.”

काकांनी तो गोळा तसाच्या तसा उचलून पिंजऱ्यात ठेवला. तासभर दोघे हलले नाहीत. काका समोर खुर्ची टाकून बसले. वहिनीला शिरा करायला सांगितलं.

“एका पिंजऱ्यात म्हणालीस. एका पिंजऱ्यात हायेत. शब्द?”

शब्द मी मोडू शकले असते. आज कुणी विचारलं तर सांगता येत नाही, का मोडला नाही. त्या घरात कपाट वहिनीचं होतं, खोली भाचीची होती, ताट पाहुण्याचं होतं. माझं म्हणून एवढंच होतं.

बाराला जीप आली. सुधाकरनं दादासाठी पेढे आणले होते.

*

सशांचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. शेवटी सांगितलं तर लोकांना वाटतं, गोष्ट सशांची होती.

जीप गेली, आणि अडीच-तीनच्या सुमारास भीती उतरल्यावर राजानं राणीचं पोट फाडलं. दादा घोरत होता. वहिनीनं मधे हात घातला, तिच्या अंगठ्याला चार टाके पडले. तशीच ती राणीला पदरात घेऊन मुजावर डॉक्टरांकडे गेली. नवऱ्याला न उठवता, न विचारता. डॉक्टरांनी पोट शिवलं. पुढं बरा झाल्यावर दोघांना खच्ची केलं. त्याचे पैसे वहिनीनं दिले आणि दादाला सांगितलं की दिले. विचारलं नाही, सांगितलं.

दोन महिन्यांनी शाळेच्या व्हरांड्यात, जिथं ना राणीचं काही होतं ना जिलेबीचं, गोसावी बाई आणि वहिनी रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं दोघांना सोडून बसायच्या. सुरुवातीला जिलेबी पाठ करून बसायची. राणी दुसऱ्या टोकाला. बाया गप्पा मारायच्या. सात आठवडे गेले. मग एके दिवशी जिलेबीनं जवळ येऊन डोकं खाली घातलं आणि राणीनं तिचं कपाळ चाटलं. वहिनी सांगते, तिला त्या दिवशी रडू आलं. राणीच्या शेवटापर्यंत ती जोडी टिकली.

राजाचं कुणाशीच जमलं नाही. तो एकटा राहिला, भरपूर खाल्लं, नऊ वर्षं जगला. त्याला कुणी नावं ठेवली नाहीत.

*

जीपमध्ये काका पुढं, ड्रायव्हरशेजारी. मागं मी आणि सुधाकर. कोयनेच्या पुढं सुधाकर म्हणाला, “हात कवा सोडणार प्लास्टरातनं?”

“पंधरा दिवस.”

“दुकानात बसशील मग. पोरगं गेलं काम सोडून.”

झालं. एवढीच विचारपूस.

कुंभार्ली घाट सुरू झाला. ऊन लख्ख होतं, दरीचा तळ स्पष्ट दिसत होता, आणि ते वाईट होतं. ड्रायव्हरला घाई होती. तिसऱ्या की चौथ्या वळणावर खालून लाकडं भरलेला ट्रक आला. ड्रायव्हरनं जीप कडेला घेतली, इतकी कडेला की माझ्या बाजूच्या खिडकीतून रस्ता दिसेना. नुसती दरी. चाकाखालून दगड निसटल्याचा आवाज आला.

ट्रक गेला. जीप परत रस्त्यावर आली.

मी खाली पाहिलं. माझ्या डाव्या हातानं सुधाकरचा दंड धरला होता. नुसता धरला नव्हता, आवळला होता. माझं डोकं त्याच्या खांद्याला लागलं होतं. आणि त्यानं आपला दुसरा हात माझ्या हातावर ठेवला होता. तोच हात.

पुढच्या आरशात आबाकाका बघत होते. डोळे भरून आले होते त्यांचे.

“जमलं!” ते म्हणाले.

मी हात काढून घेतला. एकेक बोट सोडवावं लागलं. माझीच बोटं, पण ऐकेनात.

“गाडी थांबवा.”

“उलटी व्हतीय काय ताई?” ड्रायव्हरनं विचारलं.

“हो.”

त्यानं थांबवली. मी पायाशी ठेवलेली पिशवी घेतली, उतरले आणि आलो त्या दिशेला चालायला लागले. दहा-बारा पावलं गेल्यावर मागं दारं वाजली.

“ए!” सुधाकर. “कुठं चाललीस?”

“कराडला.”

“चालत?”

“एस.टी. येईल.”

काका धोतराचा सोगा धरून पळत आले. त्यांना पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. “अगं, असं मधीच... लोकं बघत्यात.”

घाटात लोकं नव्हती. कठड्यावर एक माकड होतं, ते बघत होतं.

“आत्ता तर सगळं बरं झालं हुतं की,” काका म्हणाले. “मी ह्या डोळ्यानं बघितलं.”

“तूच धरलास हात माझा,” सुधाकर म्हणाला. “मी काय बोलावलं नव्हतं.”

“भीती वाटली म्हणून धरला.”

काका थांबले. त्यांना खरंच कळलं नाही. कपाळाला आठ्या घालून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सुधाकरकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

“मग?” ते म्हणाले. “भीतीनं का हुईना, धरलास न्हवं? आणि काय असतंय संसारात?”

आबाकाकांनी आयुष्यात हजार थापा मारल्या. सोन्यासारखा पोरगा, गायीसारखी मुलगी, देवासारखी माणसं. पण हे ते थापेनं म्हणाले नव्हते. चाळीस वर्षं लोकांचे संसार जुळवणाऱ्या त्या माणसाला खरोखरच वाटत होतं की याच्यापलीकडे काही नसतं. त्यांच्या घरात काकू कोपऱ्यात बसून तोंडाला पदर लावून का जेवायच्या, ते मला त्या रस्त्यावर उभं राहून कळलं.

“शब्द दिला हुतास तू,” काका म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

“मोडला.”

सुधाकरनं एक शिवी दिली आणि जीपकडे वळला. काका दोघांच्या मध्ये उभे राहिले. एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. खालून एस.टी. चढत होती, तिचा आवाज वळणावळणानं मोठा होत होता. मी रस्त्याच्या मध्यभागी जाऊन उभी राहिले, म्हणजे तिला थांबावंच लागेल.